दप्तरात पडलेले नाद

दुर्मीळ, प्रयोगशील संगीताचा शोध म्हणजे परदेशी तबकड्यांचा पाठलाग, हा आपल्या रसिकांचा ग्रह मला मान्य नाही. १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर उभारून दिला, आणि त्या यंत्रावर गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई प्रभृतींनी जे विलक्षण नाद निर्माण केले, त्यांच्या फिती संस्थेच्याच दप्तरात कित्येक दशके पडून राहिल्या; अखेर त्या धुंडाळून काढल्या त्या पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने, आणि त्यांचा संग्रह निघाला २०२३ साली! चुंबकीय फितीवरील लेप काळाच्या ओघात चिकट होऊन सुटू लागतो, म्हणून सार्वजनिक संस्थांनी आपल्या कोठारांतील ध्वनिफितींची निदान फेरिस्त तरी विनाविलंब जाहीर करावी. ऐकण्याची यातायात हौशी मंडळी आनंदाने करतील.