सेन्सरच्या मापाने कॅमेरा निवडू नका

रोज जवळ ठेवायला छोटा कॅमेरा कोणता घ्यावा, असं कुणी विचारलं की हल्ली एक ठरलेलं उत्तर मिळतं. सेन्सर किती मोठा आहे ते पाहा. एक इंची सेन्सर म्हणजे खेळणं. किमान एपीएस-सी हवा, तेव्हा लेन्स बदलता येणारा मिररलेस घ्या. तेवढी हौस नसेल तर फोन आहेच. मधला कॉम्पॅक्ट हा प्रकार संपला, त्यावर पैसे घालवू नका. या मताचा एक ताजा नमुना नुकताच वाचनात आला. लेखकमहाशयांनी सेन्सरच्या क्षेत्रफळांचा तक्ताच मांडला आहे: एक इंची म्हणवणारा सेन्सर ११६ चौरस मिलिमीटर, एपीएस-सी साधारण ३६६, फुलफ्रेम ८६४. तक्ता बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो ऐकून लोक कॅमेरा घेतात, मग तो कपाटात पडून राहतो, म्हणून त्याचा समाचार घेणं भाग आहे.

सेन्सर उजेड गोळा करत नाही, आलेला उजेड झेलतो. गोळा करते ती लेन्स. पन्हळीखाली पातेलं कितीही मोठं ठेवलं तरी पन्हळीतून येईल तेवढंच पाणी त्यात पडणार. दोन कॅमेऱ्यांत सारखंच दृश्य दिसत असेल आणि शटर सारखाच वेळ उघडं असेल, तर कुणाला किती उजेड मिळाला हे लेन्सच्या छिद्राच्या आकारावर ठरतं. हा आकार काढायला शाळेतला भागाकार पुरतो: लेन्सची फोकल लेन्ग्थ भागिले एफ आकडा. आता सोनीचा आरएक्स१०० मार्क थ्री घ्या. २०१४ सालचा, एक इंची सेन्सरचा, म्हणजे यांच्या हिशेबी खेळणंच. त्याची लेन्स ८.८ ते २५.७ मिमी, एफ १.८ ते २.८. रुंद टोकाला छिद्राचा व्यास ४.९ मिमी, लांबच्या टोकाला ९.२ मिमी. शेजारी एपीएस-सी मिररलेस ठेवा, सोबत मिळणारी १६ ते ५० मिमी, एफ ३.५ ते ५.६ ची किट लेन्स लावून. दोन्हींचं दृश्य जवळपास सारखंच. मिररलेसचं छिद्र रुंद टोकाला ४.६ मिमी, लांबच्या टोकाला ८.९ मिमी. म्हणजे तिप्पट मोठा सेन्सर घेऊनही उजेड किंचित कमीच मिळाला, आणि मागची पार्श्वभूमी धूसर करण्याची ताकदही तेवढीच राहिली. वजनाचं पाहायचं तर कॉम्पॅक्ट २९० ग्रॅम. तसाच एखादा मिररलेस, सोनीचा ए६०००, या किट लेन्ससह ४६० ग्रॅमच्या घरात जातो आणि खिशात मावत नाही. यावर ठरलेलं उत्तर येतं की किट लेन्स कोण वापरतो, चांगली प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स लावा. लावा ना. ३५ मिमी, एफ १.८ च्या लेन्सचं छिद्र १९ मिमीच्या पुढे जातं, तिथे कॉम्पॅक्टची बरोबरी होणार नाही. पण मग सेन्सर मोठा घ्या असं न सांगता लेन्स मोठी घ्या आणि पिशवी बाळगा असं सांगायला हवं. तो सल्ला प्रामाणिक ठरेल. रोजच्या कॅमेऱ्याचा मात्र तो सल्ला नाही, आणि पहिल्यांदा कॅमेरा घेणारे बहुतेक लोक किट लेन्सवरच थांबतात.

केवळ पृष्ठभागाच्या मापावर चित्राची प्रत ठरत असती, तर आपल्याकडच्या घराघरांतला आग्फा क्लिक थ्री जगातला एक थोर कॅमेरा ठरला असता. १२० च्या रोलवर सहा बाय सहा सेंटीमीटरच्या बारा निगेटिव्ह तो द्यायचा. तेवढी एक निगेटिव्ह आजच्या फुलफ्रेमच्या साडेतीनपटीहून मोठी भरते. पण लेन्स साधी, शटरचा वेग जवळजवळ ठरलेला, आणि ढगाळ हवेत हात टेकलेले. उलट १९६६ चा रोलाय ३५ किंवा १९७९ चा ऑलिम्पस एक्सए पाहा. त्यांची निगेटिव्ह किती छोटी, पण लेन्स नेटकी, म्हणून जाणते लोक ते खिशात घेऊन फिरले. ही चूक जुनीच आहे, दर दहा वर्षांनी फक्त तिचं नाव बदलतं. आज सेन्सरचं माप सांगणारे काल मेगापिक्सल मोजत होते. नखाएवढ्या सेन्सरवर आधी सहा, मग दहा, मग सोळा मेगापिक्सल कोंबले गेले, आणि प्रत्येक वेळी आधीचा कॅमेरा टाकाऊ ठरवला गेला. बारा मेगापिक्सलच्या फोटोचा ए-फोर कागदाहून मोठा प्रिंट दर इंचाला तीनशे ठिपक्यांनी निघतो, हे साधं गणित तेव्हाही कुणी मांडत नव्हतं.

आता फोन. इथे प्रतिपक्षाचं अर्धं म्हणणं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र पावणेचार मिमीच्या आसपास असतं, शिवाय तो एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो. स्थिर दृश्य, रुंद कोन, एवढ्यापुरता तो एक इंची कॉम्पॅक्टला गाठतो. पण चेहऱ्याकडे वळलं की चित्र बदलतं. फुलफ्रेमच्या हिशेबात ७७ मिमीचं दृश्य देणाऱ्या एका लोकप्रिय फोनलेन्सची खरी फोकल लेन्ग्थ ९ मिमी आहे, एफ २.८, म्हणजे छिद्र ३.२ मिमी. कॉम्पॅक्टचं तिथे ९.२ मिमी. क्षेत्रफळ आठपट! उजेड कमी झाला की अनेक फोन ही टेलिलेन्स सोडून मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतात आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागू देत नाहीत. विषय हलता असेल, पळतं पोर किंवा फेर धरलेल्या बायका, तर अनेक फ्रेम जुळवताना गडबड होते आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात. २०२३ साली तर पडद्यावर मुद्दाम धूसर करून दाखवलेल्या चंद्राच्या फोटोत एका फोनने मुळात नसलेले तपशील भरले. आपण चंद्र ओळखून त्याचे तपशील सुधारतो, असा खुलासा कंपनीनेच केला. चंद्राचं ठीक आहे, तो सगळ्यांचा सारखाच आहे. पण आजीच्या कपाळावरच्या सुरकुत्या फोनने ठरवायच्या नाहीत.

कॉम्पॅक्ट मेला, याला पुरावा म्हणून विक्रीचे आकडे पुढे केले जातात. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले, २०२० मध्ये तो आकडा एक कोटीच्याही खाली आला, हे खरं. पण फोनने संपवले ते बहुतांशी नखाएवढ्या सेन्सरचे स्वस्त कॅमेरे, आणि त्यांच्यासाठी कुणी रडत बसलेलं नाही. २०२४ मध्ये फुजीफिल्मचा एक्स१००सिक्स आला तेव्हा गिऱ्हाइकांना महिनोन् महिने वाट पाहावी लागली. मेलेल्या मालासाठी रांगा लागत नाहीत. बाकीच्या आक्षेपांचं म्हणाल, तर भर उन्हात मोठा सेन्सर सावल्यांतला तपशील जास्त राखतो, हा आक्षेप योग्य आहे. कॉम्पॅक्टची किंमत जास्त आहे, हाही. आणि फोटो माणूस काढतो, कॅमेरा नाही, हे वाक्य खरं असलं तरी दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या काहीच कामाचं नाही.

मग निवडावं कसं? माझं म्हणणं थोडक्यात असं: आधी खिसा, मग लेन्सचं छिद्र, मग हाताची सोय, आणि सेन्सर त्यानंतर. रिको जीआर थ्री २५७ ग्रॅमचा, जेमतेम ३३ मिमी जाडीचा आणि एपीएस-सी सेन्सरचा आहे, पण तो मी सुचवतो तो सेन्सरसाठी नव्हे. त्यात फोकसचं अंतर आधीच ठरवून ठेवता येतं. एफ ८ वर अडीच मीटरला ठेवलं की साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं रेखीव येतं, आणि बटण दाबताच फोटो निघतो. मात्र बॅटरी एका चार्जवर दोनशेच फोटो देते आणि आत फ्लॅश नाही, त्यामुळे लग्नकार्यात त्याची अडचण होते. घरच्या माणसांचे फोटो हेच मुख्य काम असेल तर आरएक्स१०० मार्क थ्रीसारखा झूमवाला बरा. त्याचं व्ह्यूफाइंडर वर उघडतं, आणि आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात मागचा पडदा दिसेनासा होतो तेव्हा त्याची किंमत कळते. या कॅमेऱ्यांचं शटर लेन्समध्येच असतं, त्यामुळे वेगवान शटरवरही फ्लॅश चालतो. भर दुपारी मांडवाच्या कडेला उभ्या माणसाचा काळवंडलेला चेहरा उजळायला मार्क थ्रीच्या आतला छोटा फ्लॅश पुरतो. सावलीतल्या तपशिलाच्या त्या आक्षेपाला निदान चेहऱ्यापुरतं हेच उत्तर आहे. सेन्सरसमोरच्या शटरचे बहुतेक मिररलेस सेकंदाच्या १/२५० भागाच्या आसपास अडतात, आणि फोनच्या एलईडीचा त्या उन्हात उपयोग होत नाही.

जुने मॉडेल आता बहुधा वापरलेलेच मिळतील. तसा कॅमेरा घेताना लेन्स चार-पाच वेळा आत-बाहेर करून आवाज ऐका, आणि रिकोच्या बाबतीत धुळीची तपासणी टाळू नका, कारण लेन्स निघत नसल्याने आत गेलेली धूळ घरी साफ करता येत नाही. एफ ११ वर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून तो मोठा करून पाहा. काळे ठिपके दिसले तर तो कॅमेरा घेऊ नका, विक्रेत्याने कितीही किंमत उतरवली तरी.