फ्लॅट बघायला आईलाही घेऊन जा



पंधरा दिवसांपूर्वी याच पानावर एका वाचकबंधूंचं पत्र आलं होतं. बेळगाव, खानापूर, चंदगड भागातली आपली मुलं नोकरीसाठी पुण्याला जातात, शहराच्या कडेला कुठंतरी विखुरतात आणि हळूहळू देवापासून व माणसांपासून तुटतात. म्हणून सर्वांनी मिळून एकाच इमारतीत, जमल्यास फक्त आपल्याच लोकांच्या सोसायटीत फ्लॅट घ्यावेत, असं त्यांचं म्हणणं. पत्र कळकळीनं लिहिलेलं होतं. त्यातली काळजी मला पटते, उपाय पटत नाही. आमच्या घरात या बाबतीत एक चूक होऊन गेली आहे आणि त्या चुकीला माझी संमती होती, म्हणून दोन शब्द लिहितो.

मी पॅरिशच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं गणित आणि भूगोल शिकवला. माझ्या एकेका वर्गातले दहा-बारा जण आज पुण्यात आहेत. नाताळला गावी आले की मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात भेटतात आणि विचारतात, "सर, फ्लॅट घ्यायचाय. कुठं घेऊ?" पूर्वी हीच मुलं अकरावीला सायन्स घेऊ की कॉमर्स म्हणून विचारायची. तेव्हा मी पटकन सांगत असे. आता सांगताना जरा थांबतो.

माझ्या धाकट्या मुलाची कंपनी हिंजवडीला आहे. २०२१ साली त्यानं हिंजवडीच्या पलीकडे एका मोठ्या गृहप्रकल्पात फ्लॅट बघितला आणि मला बघायला नेलं. रविवारची सकाळ होती. रस्ता मोकळा, मोटारीनं ऑफिसपर्यंत बारा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून मोजली. गणिताचा मास्तर ना! नमुन्याचा फ्लॅट सजवलेला होता. चौदाव्या मजल्यावरून डोंगर दिसत होते. मी म्हटलं, "घे." त्या दिवशी माझी मंडळी बरोबर नव्हती. तिच्या गुडघ्यांना प्रवास नको म्हणून आम्हीच तिला बेळगावात ठेवलं होतं. पुढच्या वर्षी नातू झाला आणि जून महिन्यात आम्ही दोघं तिथं राहायला गेलो.

बारा मिनिटांचा रस्ता सोमवारी पन्नास मिनिटांचा असतो हे पहिल्याच आठवड्यात कळलं. पण त्याचं विशेष नाही, मुलगा तरणा आहे, सोसतो. खरी गोष्ट पुढे आहे. मुलगा सकाळी आठला जायचा तो रात्री आठला यायचा. सूनबाईंची रजा संपल्यावर त्याही तशाच. म्हणजे ज्याच्या सोयीनं आम्ही घर निवडलं होतं तो त्या घरात फक्त झोपायला येत होता. दिवसभर राहत होतो आम्ही दोघं म्हातारी आणि एक तान्हं बाळ. आणि आमच्या सोयीचं त्या रविवारी कुणी काहीच मोजलं नव्हतं.

गेटच्या बाहेर पदपथ नव्हता. सिमेंटचे मिक्सर आणि पाण्याचे टँकर कडेनं जायचे. सर्वांत जवळचं किराणा दुकान गेटच्या आतच, तिथं सगळं बंद पाकिटात. बस होती, पण थांबा दीड किलोमीटरवर. ज्या चर्चमध्ये आम्ही जात होतो ते बारा किलोमीटर लांब. मुलाला सुट्टी असली तर मोटार, नाहीतर टॅक्सी मागवायची. जायला तीनशे, यायला कधी साडेतीनशे. पहिले दोन महिने दर रविवारी गेलो. मग एक रविवार चुकला, मग दोन. मंडळी म्हणू लागली, "पोराला एकच सुट्टी असते, झोपू दे त्याला." बेळगावात रोज सकाळी साडेसहाच्या मिस्सेला चालत जाणारी ही बाई. पावसाळ्यात छत्री उलटली तरी जायची. तीच मोबाइलवर मिस्सा बघू लागली. तक्रार म्हणून एक शब्द काढला नाही. एकदा बहिणीशी फोनवर बोलताना तेवढं माझ्या कानावर पडलं: "हितं सगळं हाय गं. लिफ्ट हाय, बाग हाय, पोहायचा तलाव हाय. चालत जायला तेवढं एक ठिकाण न्हाई."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलांना भूगोलात मी वर्षानुवर्षं शिकवलं की वस्ती कुठं होते: पाणी असेल तिथं, वाट असेल तिथं, बाजार असेल तिथं. आणि स्वतःच्या मुलाला फ्लॅट निवडून देताना मी डोंगर बघितले!

सात महिन्यांनी मुलाशी बोललो. त्याला वाईट वाटलं, थोडा रागही आला. कर्ज त्याच्या डोक्यावर, आणि आता म्हातारा सांगतो की घर चुकलं. पण पोरगा समजूतदार. तो फ्लॅट भाड्यानं दिला आणि पिंपरी-चिंचवडच्या जुन्या भागात, तीन मजली साध्या इमारतीत आम्ही भाड्यानं राहायला गेलो. तिथं तलाव नाही, बाग नाही, लिफ्ट अधूनमधून बंद पडते. मुलाचा ऑफिसचा प्रवास वाढला, हे खोटं कशाला बोलू? हप्ता आणि भाडं यांचा मेळ बसवताना त्याची ओढाताण होते तीही मला दिसते. पण चर्च पंधरा मिनिटांवर आहे, मंडळीच्या चालीनं पंचवीस. वाटेत भाजीवाली बसते, तिच्याशी हिची मैत्री झाली. खालच्या मजल्यावरच्या काकू संध्याकाळी नातवाला घेऊन जातात. दोन महिन्यांत हिला त्या गल्लीत मला ओळखतात त्यापेक्षा जास्त लोक ओळखू लागले.

म्हणून आता मुलं विचारतात तेव्हा मी एकच सांगतो. घर बघायला जाताना त्या घरात दिवसभर जे माणूस राहणार आहे त्याला बरोबर न्या. आई असेल, बायको असेल, आजारी वडील असतील. त्यांना गेटबाहेर अर्धा तास चालू द्या आणि मग विचारा. रविवारी सकाळी जाऊ नका. सोमवारी सकाळी नऊला किंवा संध्याकाळी सातला जा, आणि एकदा भर पावसात जा.

पाणी विचारा. आपल्याला राकसकोपच्या पाण्याची सवय. नळाला पाणी उशिरा आलं तर कुरकुर करतो, पण येतं हे गृहीत धरतो. पुण्याच्या कडेला ते गृहीत धरू नका. २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावं पुणे महापालिकेत आली, पण गाव पालिकेत आलं म्हणजे नळाला पाणी आलं असं होत नाही. वाघोली, बावधन या भागांतल्या सोसायट्यांना टँकर चुकलेले नाहीत. हिंजवडी तर अजून ग्रामपंचायतीतच आहे. पिंपरी-चिंचवडमध्येही २०१९ च्या अखेरीपासून एक दिवसाआड पाणी आहे. टँकरचा खर्च महिन्याच्या देखभाल खर्चात लपलेला असतो. विकणाऱ्याला विचारू नका, तिथं राहणाऱ्याला विचारा. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहिणीइतकी खरी माहिती कुठल्याच रंगीत पुस्तिकेत मिळत नाही.

कागद बघा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद, ताबा देण्याची तारीख, चालू असलेले खटले हे सगळं घरबसल्या दिसतं. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आहे का ते बघा. आणि पहिलं वर्ष तरी भाड्यानं राहा. भाडं वाया जातं असं आपल्याकडे म्हणतात. चुकीच्या घराचं वीस वर्षांचं कर्ज त्याहून जास्त वाया जातं.

गावी यायची वाट बघा. आपल्या बेळगावच्या रात्रीच्या बसगाड्या कात्रज, वारजे, चांदणी चौक, वाकड अशा बाह्यवळण रस्त्यानं जातात. पुण्याच्या पश्चिमेला राहणारा घराजवळ उतरतो. खराडी-वाघोलीला राहणाऱ्याला पहाटे अख्खं शहर ओलांडावं लागतं. मेट्रो आता पिंपरीहून स्वारगेटला आणि वनाजहून रामवाडीला जाते, लोणावळ्याची लोकल आहेच. स्टेशनजवळचं जुनं छोटं घर नव्या मोठ्या घरापेक्षा आईबापांना जास्त वेळा भेटवतं, असा माझा अनुभव आहे.

आणि चर्च विचारा. आपली इमारत कुठल्या पॅरिशच्या हद्दीत येते, मराठी मिस्सा कुठं आणि किती वाजता असते, मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात का, हे सगळं फादरांना एक फोन केला की कळतं. निघताना बाप्तिस्म्याचा दाखला आणि इथल्या फादरांचं पत्र घेऊन जा. पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात नाव नोंदवा. पोराच्या पहिल्या कम्युनियनच्या वेळी धावाधाव करणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता त्या वाचकबंधूंच्या मुद्द्याकडे येतो. चर्चच्या जवळ राहा हे त्यांचं म्हणणं मी वर दुपटीनं मान्य केलं आहे. पण फक्त आपल्याच लोकांची सोसायटी? भाड्याचं घर शोधताना आमचं आडनाव ऐकून एका मालकानं विचारलं, "नॉनव्हेज खाता का?" दुसऱ्यानं सोसायटीच्या नियमाचं नाव सांगितलं आणि दार लावलं. त्या दिवशी माझ्या मुलाचा चेहरा उतरला होता, तो मी विसरलेलो नाही. जे दार आपल्या तोंडावर लागलं तेच दार आपण दुसऱ्याच्या तोंडावर लावायचं का?

बेळगावात आपण असे कधी राहिलो? माझी आई रात्री दोनला न्हाणीघरात पडली तेव्हा आरडाओरडा ऐकून पहिला धावून आला तो समोरचा मुसलमान शेजारी. त्याच्याच टेम्पोतून तिला इस्पितळात नेली. तिच्या मयताला गल्लीतले मराठे, लिंगायत, सगळे कबरस्तानापर्यंत आले. माझ्या वर्गात एका बाकावर तीन धर्मांची आणि तीन भाषांची मुलं बसायची आणि एकाच डब्यात हात घालायची. नाताळच्या नेवऱ्या दारोदार पाठवायच्या तर दारं वेगवेगळ्या लोकांची हवीत. आपल्यालाच आपण पाठवून काय उपयोग?

शिवाय एक इतिहासही बघावा. पुण्याचं सेंट पॅट्रिक कॅथेड्रल १८५० सालचं, आयरिश सैनिकांसाठी बांधलेलं. आपल्या बेळगावच्या कॅम्पातही ख्रिस्ती वस्ती वाढली ती लष्कराच्या आसऱ्यानं. आधी माणसं पोटासाठी आली, मग चर्च उभं राहिलं. आपला बेळगावचा धर्मप्रांत १९५३ साली झाला, त्याआधी या भागातला काही मुलूख पुणे धर्मप्रांतातच होता. तेव्हा पुण्याला जाणारी आपली मुलं परक्या घरी जात नाहीत. नव्या उपनगरात अजून चर्च नसेल तर दहा कुटुंबांनी एकमेकांचा पत्ता शोधावा, महिन्यातून एकदा एकाच्या घरी जपमाळेला बसावं, तिथल्या फादरांना बोलवावं. त्यासाठी एका छपराखाली राहायची गरज नाही. एकमेकांचा फोन नंबर असला तरी पुरतं.

तो नंबर देण्याचं काम मात्र आपण इथल्या लोकांनी करायला हवं. प्रत्येक पॅरिशच्या ऑफिसात एक वही ठेवावी, अशी माझी सूचना आहे. आपलं कुठलं कुटुंब पुण्यात कुठल्या भागात आहे आणि नव्यानं येणाऱ्याला मदत करायला कोण तयार आहे, एवढंच त्यात लिहावं. कोण लिहून ठेवणार, असं कुणी विचारलं तर मी लिहीन. अक्षर अजून बरं आहे.

मुलगा मध्यंतरी म्हणाला, "पपा, कॅम्पातलं घर विकलं तर चर्चजवळ आपलं स्वतःचं घेता येईल." मी अजून उत्तर दिलेलं नाही. सध्या आम्ही सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे असतो. पण यावेळी मी एकटा काही ठरवणार नाही. मंडळीला विचारल्याशिवाय आता आमच्या घरात कुणी घर बघत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
कॅम्प, बेळगाव