दोन फ्रँकची वर्गणी



गणपती गेले की दिवाळी अंकवाल्यांची पायपीट सुरू होते. बगलेत गेल्या वर्षीचा अंक, पिशवीत पावतीपुस्तक. ‘यंदा धंदा मंदा आहे, पाव पानावर भागवा,’ हे ऐकत जिने चढायचे, उतरायचे. यंदा ते जिने चढताना फ्लोरा त्रिस्ताँ सारखी आठवत होती.

१८४३ साली पॅरिसमध्ये या बाईने कामगारांच्या एकजुटीवर पुस्तक लिहिलं. प्रकाशक मिळेना, तेव्हा ती स्वतः दारोदार वर्गणी मागत फिरली. जॉर्ज सँड, युजेन स्यू यांनी हात सैल सोडला, काहींनी नन्नाचा पाढा वाचला. वर्गणीदारांची नावं तिने पुस्तकातच छापली. पुस्तकातली योजनाही वर्गणीचीच. प्रत्येक कामगाराने, बाई असो वा बाप्या, वर्षाला दोन फ्रँक द्यायचे. त्यातून मुलांची शाळा चालावी, थकल्या-जायबंदी कामगारांना आसरा मिळावा. मार्क्स-एंगल्सचा जाहीरनामा यायला तेव्हा पाच वर्षं अवकाश होता.

याच पुस्तकात एक आख्खं प्रकरण बायकांवर आहे. मालकाविरुद्ध दाद मागणाऱ्या कामगाराला ती त्याच्याच घरात डोकवायला लावते: मुलींना शिकवा, बायकोला बरोबरीचा हक्क द्या, नाहीतर तुमची सुटका अर्धीच.

हे तिला घरानेच शिकवलं होतं. छापील चित्रं रंगवायला ती ज्या कारखान्यात जाई, त्याच्या मालकाशी, आंद्रे शाझालशी, सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. चार वर्षांत ती घराबाहेर पडली. पण फ्रान्समध्ये १८१६ पासून घटस्फोटच बंद होता. वडिलांकडचा वाटा मागायला ती पेरूतल्या आरेकिपापर्यंत गेली. आईवडिलांच्या लग्नाची सरकारी नोंद नाही, म्हणून काकांनी वारसा नाकारला. १८३८ मध्ये नवऱ्याने भर रस्त्यात तिच्यावर गोळी झाडली. ती गोळी अखेरपर्यंत अंगातच राहिली.

त्याच वर्षी आलेल्या आत्मकथनात तिने स्वतःला ‘पारिया’ म्हटलं. हा शब्द मूळचा आपल्याकडचा. तमिळ ‘परैयर’ या जातिनामावरून युरोपात गेलेला. तिच्यासाठी ती उपमा होती. ज्यांचं ते नाव, त्यांच्यासाठी तो रोजचा जाच होता. फ्लोराला मानताना हा फरक विसरून चालणार नाही. म्हणूनच या अंकात उसन्या उपमेपेक्षा जिचं दुखणं, तिचा शब्द, असा आग्रह आम्ही धरला आहे.

१८४४ मध्ये गावोगावच्या कामगारांना भेटत फिरताना बोर्दोत फ्लोरा वारली, एकेचाळिसाव्या वर्षी. चार वर्षांनी तिच्या कबरीवर स्मारक उभं राहिलं. त्याचा पैसा कामगारांनी उभा केला होता, वर्गणी काढून.

आमचंही पावतीपुस्तक यंदा कसंबसं भरलं.  

– संपादक