आधी ग्लायडर, मग ड्रोन

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात हल्ली एक टेबल ड्रोनचे असतेच. बटण दाबले की चार पंखे घुमतात, यंत्र डोक्याइतके वर जाते आणि एका जागी थांबते. पालकांचे मोबाइल बाहेर निघतात. हे हवेत कसे राहते, असे विचारले तर मूल सांगते, 'पंखे फिरतात म्हणून.' पण ते कलंडत का नाही, असे विचारले की मूल शिक्षकांकडे पाहते. दोष मुलाचा नाही. चार पंख्यांच्या ड्रोनला स्वतःच्या आकाराचा तोल असा नसतोच. त्याच्या पोटातले सर्किट दर सेकंदाला शेकडो वेळा कल मोजते आणि पंख्यांचा वेग कमीजास्त करते. सगळे विज्ञान तिथेच घडते, आणि ती डबी तर बाजारातून तयार आणलेली असते.

म्हणून माझे मत असे, की मुलाच्या हातात येणारे पहिले उडते यंत्र ड्रोन नसावे, रेडिओवर चालणारा साधा ग्लायडर असावा. इंजिन नाही, पंखा नाही. दीड मीटर लांबीचा बाल्सा लाकडाचा किंवा फोमचा पंख, एक काठी, मागे शेपूट. शेपटीला दोन हलत्या पट्ट्या: एक डावी-उजवीकडे वळवणारी, दुसरी नाक वर-खाली करणारी. त्या हलवायला दोन छोट्या सर्व्हो मोटारी, एक रिसीव्हर, एक बॅटरी. सगळे मिळून वजन चारशे ग्रॅमच्या आसपास.

यातली गंमत अशी, की रेडिओचे काम फक्त वळवण्याचे. तोल सांभाळायचा तो आकारानेच. पट्ट्या मध्यावर ठेवून, रेडिओ बंद करून फेकला तरी चांगला ग्लायडर सरळ तरंगत गेला पाहिजे. नाही गेला तर चूक कुठे आहे तेही तो उडूनच सांगतो. पंखाची रुंदी वीस सेंटिमीटर असेल तर गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून साधारण सहा सेंटिमीटरवर हवा. पंखाखाली दोन बोटे ठेवली की लगेच कळते. नाक जड असेल तर ग्लायडर थेट गवतात घुसतो. शेपूट जड असेल तर वर चढतो, वेग हरवतो, मान टाकतो, पुन्हा चढतो, लाटेवरच्या होडीसारखा. मग नाकात शिशाचा एक तुकडा ठेवायचा आणि पुन्हा फेकायचे. पंखांची टोके किंचित वर उचललेली का, हेही असेच कळते. ग्लायडर एका बाजूला कलला की त्या बाजूला घसरतो, खालच्या पंखाला हवा अधिक कोनातून लागते, त्याची उचल वाढते आणि तो सावरतो. टोके सपाट ठेवून एकदा फेकून पाहावे. फळ्यावरच्या आकृतीपेक्षा लवकर समजते.

विमानविद्या याच वाटेने आली. जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालने 1891 ते 1896 या काळात स्वतः बनवलेल्या ग्लायडरांवरून सुमारे दोन हजार वेळा टेकडीवरून झेप घेतली. शेवटी तो त्यातच गेला. राइट बंधूंचे 1900 आणि 1901 चे ग्लायडर हिशेबापेक्षा फार कमी उचल देत होते. तेव्हा त्यांनी आणखी मोठा पंख बांधला नाही, वापरात असलेल्या आकड्यांवरच शंका घेतली. घरच्या कारखान्यात वाऱ्याचा बोगदा बनवून पंखांचे शेकडाभराहून अधिक नमुने तपासले. 1902 चा ग्लायडर त्या मोजमापांवर बांधला आणि तो उत्तम उडाला. इंजिन आले ते त्यानंतर, डिसेंबर 1903 मध्ये.

आणि आकाश वाचायला ग्लायडरच शिकवतो. वर सांगितलेला नमुना ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने जातो आणि दर सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास खाली येतो. म्हणजे हवा स्वतःच त्याहून वेगाने वर जात असेल, तर ग्लायडर खाली येता येता वर चढतो! हे वाक्य मुलांना आधी खोटे वाटते. मग नांगरलेल्या रानावर किंवा पत्र्याच्या छपरांवर दुपारी गिरक्या घेणारी घार दाखवावी. ती पंख हलवत नाही. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या स्तंभात फिरत असते. ग्लायडर उडवणारे आधी घारी शोधतात ते यासाठी. डोंगराच्या धारेवर वारा समोरून आदळला तरी हवेला वर जावेच लागते. कॅलिफोर्नियात धारेच्या दोन बाजूंच्या वाऱ्यातला फरक वापरून बिनइंजिनाचे ग्लायडर ताशी 800 किलोमीटरच्या पुढे पळवले गेले आहेत. आपल्या मुलांना तेवढे नको. मैदानावर तीन मिनिटे टिकला तरी तो दिवस त्यांच्या लक्षात राहतो.

यावर एक आक्षेप येणार: उद्या नोकऱ्या ड्रोनच्या आहेत, फवारणीपासून मोजणीपर्यंत. खरे आहे. पण ड्रोन दुरुस्त करणारा, त्याची रचना बदलणारा माणूस हवा असेल, तर त्याला उचल, वजन आणि तोल हाताने माहीत असावे लागतात. दुसरा आक्षेप वेळेचा. ग्लायडरला तीन-चार रविवार लागतात, आणि तो मोडतो. मोडू द्यावा, फोम चिकटवता येतो. शिवाय सुरुवातीला रेडिओही नको, आणि पुढे एका संचावर अख्खा वर्ग शिकू शकतो. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग आहेच. ते फक्त कॅडेटांपुरते का राहावे?

मुले उन्हात, मोकळ्यावर, दूर पाहत उभी राहतात हा वरचा लाभ. मोकळ्या उजेडात वेळ घालवल्याने लांबचे धूसर दिसण्याचा दोष, म्हणजे मायोपिया, लागण्याची शक्यता कमी होते, असे अभ्यास सांगतात. मात्र टोपी हवी, आणि ग्लायडरमागे नजर नेताना ती सूर्यावर जाऊ द्यायची नाही.

बाकी सूचना थोड्याच. कटर मोठ्यांच्या देखत वापरावा, झटपट चिकटणारा गोंद उघड्या खिडकीपाशी. विमानतळ आणि लष्करी हद्द टाळावी. ड्रोनसाठीचा सरकारी नकाशा लाल, पिवळे, हिरवे भाग दाखवतो. पहिली फेक गवतावर, वाऱ्याच्या तोंडावर, नाक किंचित खाली. ग्लायडर आपल्याकडे येऊ लागला की डावे-उजवे उलटे भासते आणि नवशिका हमखास चुकीकडे वळवतो. तेव्हा जो पंख खाली गेला असेल त्याच्याकडे काडी ढकलायची, तो वर येतो.