कानामागची कातडी काढल्याने बहिरेपण येत नाही



कानामागची कातडी काढली तर माणूस बहिरा होतो, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे साफ चुकीचे आहे. ऐकण्याचे काम कानाचा पडदा आणि आतला कान करतात. मागच्या कातडीचा त्याच्याशी संबंध नाही. ती पातळ असते, रंगाने चेहऱ्याशी जुळते आणि व्रण कानाआड झाकला जातो. म्हणून तुटलेला कान किंवा नाक दुरुस्त करताना सर्जन ती निवडतात. ‘फ्लॅप’ या पद्धतीत कातडीचा तुकडा एका बाजूने जोडलेलाच ठेवतात, त्यामुळे त्याचा रक्तपुरवठा चालू राहतो.

अशा शस्त्रक्रियेला ‘विलायती खूळ’ म्हणणे तर अन्यायच. सुश्रुताने गालाच्या कातडीतून कानाची पाळी घडवायची रीत सांगितली आहे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचे नाक बसवले गेले. ते वृत्त 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आले.

आमच्या जामनेरकडे जड बाळ्यांनी पाळी चिरलेल्या बाया कानावरून पदर ओढून बसतात. त्यांना कृपया घाबरवू नका. प्लास्टिक सर्जनला एकदा दाखवा, एवढेच सांगा.

– एक वाचक, जामनेर (जि. जळगाव)