रिकाम्या खोलीचा दंड

गेले दोन दिवस आपल्या तालुक्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. इंग्लंडमध्ये म्हणे सरकारी घरात एक खोली जास्त निघाली की भत्ता कापतात, आपल्या घरकुलवाल्या फुकट्यांनाही असाच हिसका दाखवा. खाली टाळ्याच टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत ओळखीचे बरेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेसेजमधली गोष्ट खरी आहे, पण अर्धी. तिकडे नगरपालिकेच्या किंवा गृहसंस्थेच्या घरात राहणाऱ्या गरीब भाडेकरूला भाड्यासाठी सरकारी मदत मिळते. डेव्हिड कॅमेरून यांच्या सरकारने २०१२ साली कायदा केला आणि १ एप्रिल २०१३ पासून हिशोब बदलला. एक बेडरूम जास्त असेल तर भाड्याच्या १४ टक्के मदत कमी, दोन किंवा जास्त असतील तर २५ टक्के. म्हणजे आठवड्याचं भाडं १०० पौंड असेल तर १४ पौंड घरातून घाला. लोक याला 'बेडरूम टॅक्स' म्हणतात. सरकारला हे नाव झोंबतं. ते म्हणतं, हा कर नाहीच, जादा खोलीचं अनुदान तेवढं बंद केलंय. खिशातून जाणारे पौंड दोन्ही नावांनी सारखेच.

आता 'जादा' खोली ठरते कशी? १० वर्षांखालची दोन मुलं, मुलगा असो की मुलगी, एका खोलीत. १६ वर्षांखालचे दोन भाऊ किंवा दोन बहिणी एका खोलीत. नवरा-बायको अर्थातच एका खोलीत. तुम्ही म्हणाल, यात काय चुकलं? आपल्याकडे सहाजण एका खोलीत झोपतात. मान्य. पण या 'अर्थातच'मध्येच खरी गोम आहे. साउथपोर्टच्या एका जोडप्यातल्या बायकोला मणक्याचा जन्मजात आजार. तिला दवाखान्यातला खास पलंग लागतो, नवऱ्याला त्यावर झोपता येत नाही. नवरा दुसऱ्या खोलीत झोपायचा. ती खोली ठरली जादा! वेल्समधले एक आजी-आजोबा अपंग नातवाला सांभाळतात. रात्री त्याच्यासाठी येणाऱ्या मदतनिसाची खोली, तीही जादा. दोन्ही घरं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये जिंकली. नियम लागू होऊन साडेतीन वर्षं उलटली होती तोवर.

त्याच निकालात एक बाई हरली. जिवावर उठलेल्या माणसापासून वाचण्यासाठी पोलिसांच्या देखरेखीखाली तिच्या घरात एक सुरक्षित खोली बांधून दिली होती. ती बांधायला सरकारी यंत्रणेचाच हात, आणि घरात खोली जास्त आहे म्हणून मदतही सरकारनेच कापली. तिला न्याय मिळाला तो २०१९ साली, युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात.

दुसरी बाजूही सांगतो. खासगी घरात भाड्याने राहणाऱ्या गरिबांना आधीपासून माणसं मोजूनच मदत मिळते, मग सरकारी भाडेकरूंचे लाड का? आणि दाटीवाटीने राहणारी कुटुंबं वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत आहेत, त्यांना मोठी घरं मिळायला नकोत? हा मुद्दा खोटा नाही. प्रतीक्षायादीतल्या माणसाची बाजू मीही घेईन.

पण मग हलायला जागा द्या ना! खासगीवाला घर घेतानाच मदत किती मिळणार हे बघून घर घेतो. इथे घर पालिकेने दिलं, खोल्या पालिकेने दिल्या आणि माणूस वीस वर्षं राहिल्यावर अट बदलली. बरं, जा म्हटलं तर जायचं कुठे? एका बेडरूमची सरकारी घरंच पुरेशी नव्हती. सरकारने स्वतः करून घेतलेल्या अभ्यासात पहिल्या सहा महिन्यांत जेमतेम ४.५ टक्के कुटुंबं लहान सरकारी घरात गेली. बाकीच्यांपैकी बहुतेक तिथेच राहिले. कुणी जेवणात काटकसर केली, कुणाचं भाडं थकलं.

आणि मुलं मोठी होऊन गेली म्हणून ज्यांच्या खोल्या खरंच रिकाम्या पडतात, ते पेन्शनच्या वयाचे लोक? त्यांना नियमातून सूटच आहे. ती असावी, म्हाताऱ्यांना कशाला हलवायचं? पण मग खोल्या मोकळ्या करायच्या होत्या हे सांगू नका. पैसे वाचवायचे होते म्हणा. म्हातारे मतदानाला हमखास जातात, हे तिकडच्या पुढाऱ्यांनाही ठाऊक असतं. हाच तो देश, जिथल्या खासदारांनी सरकारी पैशातून दुसऱ्या घराचे खर्च कसे काढले ते २००९ साली जगाने वाचलं.

स्कॉटलंडच्या सरकारने नियम मोडता येत नाही म्हणून कापलेले पैसे आपल्या तिजोरीतून भरून द्यायचं ठरवलं. हे मात्र मेसेजमध्ये नाही.

आता आपलं. घरकुल योजनेत कितीतरी वर्षं दुचाकी किंवा फ्रिज असला की नाव कटत होतं. जुनी दुचाकी घेऊन रोजंदारीला जाणारा माणूस, वर पत्रा, भिंत कुडाची, पण सरकारदरबारी तो सधन. २०२४ साली या दोन्ही अटी काढल्या. मधल्या काळात ज्यांची नावं गेली त्यांना हे कुणी घरी जाऊन सांगितलंय का? मला तरी असं कुणी भेटलं नाही. तुमचं किंवा शेजाऱ्याचं नाव गाडी-फ्रिजपायी गेलं असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन नव्या यादीत ते आलंय का बघा, आणि नसेल तर गावाच्या नावासकट मला इनबॉक्स करा.