सह्यांचे युकुलेले, निनावी तंबोरा

बंगळुरूच्या जे. पी. नगरमधील ‘इंडियन म्युझिक एक्स्पिरियन्स’सारख्या संग्रहालयांत जुन्या वाद्याशेजारी त्याचे चरित्रही असावे: कोणी घडवले, कोणी वाजवले, कोणी दुरुस्त केले. १९२६ मध्ये अमेरिकी ध्रुव-संशोधक बर्डच्या विमानातून उत्तर ध्रुवाच्या दिशेने गेलेले, त्याच्या मोहिमेतल्या रिचर्ड कॉन्टरचे मार्टिन बनावटीचे युकुलेले पाहा. कोआ लाकडाची युकुलेले पुष्कळ आहेत. याला मोल आले ते अंगावरच्या शंभराहून अधिक सह्यांमुळे. आपली वाद्ये वाजती असतात, तारा, घोडी, जवारी (घोडीच्या माथ्यावरचा, नादाला गुंजन देणारा घासलेला उतार) बदलत राहतात, मग जपायचे काय, असे कोणी म्हणेल. पण मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी कोणी काढली, हाच तर त्याचा इतिहास! मिरजेतल्या सतारमेकरांकडे जुनी वाद्ये आजही दुरुस्तीला येतात. तिथेच बसून ही नोंद सुरू करता येईल.